नदीअलीकडच्या संघाचे खांब

दि. १४ जून २०२५, शनिवार, सायंकाळी सहा वाजून वीस मिनिटे. सिंगापुरात, यिशुन भागातल्या माझ्या खोलीत डाव्या गुडघ्यावर बर्फ धरून इस्पितळाचे संमतीपत्र तिसऱ्यांदा वाचत होतो. त्यात बारीक अक्षरांत मृत्यूची शक्यता लिहिली आहे. शस्त्रक्रिया सोमवारी आहे. म्हणून मी, सुयश बाळासाहेब जगदाळे, वय २८, शिक्षण दुसऱ्या वर्षात सोडलेले, व्यवसाय एसी दुरुस्ती, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहितो. माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघा नाही. मृत्युपत्राला डोके पुरते.

१. बँकेतली शिल्लक व विम्याची रक्कम आईची. तिने त्यातून माझे वर्षश्राद्ध थाटात करू नये. आधी गच्चीची गळती काढावी.

२. मल्टिमीटर व पान्यांचा संच खोलीतला सोबती प्रबोध केसकर याला. माझा छोटा स्क्रू ड्रायव्हर दिवाळीपासून त्याच्याकडे आहेच. तोही आता दिला असे समजावे.

३. खो-खोचे दोन खांब. इथे मैदानात खड्डा खणू देत नाहीत, म्हणून लोखंडी बैठकीवर उभे राहणारे हे खांब मी स्वतः वेल्डिंग करून बनवले. आमचे कॉलेज नदीच्या अलीकडे, धैर्यशील घोरपडेचे पलीकडे. दरवर्षी विभागाच्या स्पर्धेत गाठ पडायची. शेवटच्या सामन्यात मी खांबापर्यंत न जाताच उलटा वळलो, फाऊल झाला आणि आम्ही एका गुणाने हरलो. त्याच वर्षी नवे विद्यापीठ झाले, हद्द नदीवरून गेली आणि सामना बंद पडला. तो आम्ही सिंगापुरात पुन्हा सुरू केला. हरलेल्या संघाने पुढच्या वर्षी मैदान आखायचे, हा तिकडचाच नियम.

गेल्या महिन्यात धैर्यशील म्हणाला, "सोड रे आता. विद्यापीठं वेगळी, विभाग वेगळा. संघ मिसळून खेळू, मजा येईल."

मला मजा नको. मला त्यांना हरवायचे आहे. आमच्या भांडणाला विद्यापीठाची मान्यता कधी होती, की ती आता काढून घेतली म्हणून ते संपावे? हाच धैर्यशील आठ वर्षांनंतरही पाया लेबार स्टेशनात भर गर्दीत विचारतो, "काय सुयशराव, खांब सापडला का?" ज्याला माझी चूक एवढी पाठ आहे, त्याने विभाग बदलल्याचे मला सांगू नये.

सबब खांब धैर्यशीलला. आमच्यातल्या कोणाला दिले, तर त्यांवर कपडे वाळतील. अटी: सामना दरवर्षी व्हावा. संघ मिसळू नयेत. दोन्हीकडचा नसेल त्याने पंच व्हावे.

अटी मान्य नसतील तर त्याने खाली साक्षीदार म्हणून सही करावी. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे इथल्या वकिलाने सांगितले. प्रबोधला हे कळले तेव्हा तो म्हणाला, "मग मी सही करत नाही, मल्टिमीटर चांगला आहे."

ठिकाण: यिशुन, सिंगापूर.
सही: सुयश बा. जगदाळे

साक्षीदार:
१. अनिमेष दातार, शेजारी. (सही)
२. धैर्यशील घोरपडे. (सही नाही. पावणेआठला आला, उभ्यानेच सगळे वाचले, पेन परत दिले. म्हणाला, "दुसरं कोणी बघ. आणि त्या डाव्या खांबाची बैठक हलतेय, ती आधी नीट कर.")
३. वल्लरी दातार, अनिमेषची पत्नी. (सही)