दोनशे बारा वलयं

ता. ४ फेब्रुवारी

चि. टकळीस मामाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणजे तू कुठल्यातरी जंगलात आहेस, असं मामी म्हणते. जंगलात पोस्टाची पेटी नसते, असं मी तिला समजावतो. आम्ही दोघंही बरोबर असणार.

इकडे मोठं काम आलंय. आमच्या भागात नवं वाचनालय बांधलंय, त्याच्या वाचनकक्षासाठी बारा लांब टेबलं करायची आहेत. अट एकच, लाकूड नीट राखलेल्या जंगलातलं हवं आणि तसा कागद हवा. पूर्वी कुणी लाकूड कुठलं असं विचारलं की आम्ही ‘वखारीतलं’ म्हणायचो आणि विषय संपायचा. आता लाकडालाही जन्मदाखला लागतो. वखारवाल्याने कागद दिला. कुठलं जंगल, कुठला पट्टा, किती ओंडके, सगळं लिहिलेलं, आणि खाली तपासनीस म्हणून तुझी सही. तुझ्या ‘य’ची शेपटी मी लगेच ओळखली. कारखान्यात सगळ्यांना दाखवली, मग घरी नेऊन मामीला दाखवली.

आणि लाकूड काय सांगू! रंध्याखाली आवाजच करत नाही, नुसता सुस्कारा सोडतं. दुपारी खिडकीतून ऊन आलं की फळीच्या आत कुणीतरी दिवा हलवत चाललंय असं वाटतं. काल मी काम सोडून बसलो. एक रुंद फळी होती, एका कडेला झाडाचा गाभा आणि दुसरीकडे साल. मामीची सुई घेतली, तिचाच चष्मा लावला आणि टोकाची वलयं मोजली. दोनशे बारा भरली. वर्षाला एक वलय म्हणजे दोनशे बारा वर्षं. दोऱ्याएवढी पातळ वलयं, पण एकही चुकलेलं नाही. तुझ्या जंगलाला माझा नमस्कार सांग.

मामी विचारते, जेवतेस ना वेळेवर? लोभ आहेच, उत्तराचा आळस नको.

तुझा मामा


ता. ११ फेब्रुवारी

ती. मामांस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र वाचलं आणि खुर्चीत बसूनच राहिले. मामा, हे पत्र मिळेल तिथं करवत थांबवा.

त्या कागदावरचं जंगल मी पाहिलंय. मोठ्या वणव्यात सगळं जळालं आणि मग माणसांनी पुन्हा लावलं, त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. तिथली झाडं ठरावीक संख्येनं कापायची, जितकी कापली त्याहून जास्त लावायची, म्हणून त्याला आमचं प्रमाणपत्र आहे. त्या रानात दोनशे वलयांचं झाड असूच शकत नाही.

तुमची मोजणी चुकली असावी असं मनापासून वाटतं. तुमची मोजणी आजवर चुकलेली नाही, हेही मला माहीत आहे. उजेडात पुन्हा मोजा. फळीच्या टोकाचा एक तुकडा कापून मला पार्सलने पाठवा. वखारीत सध्या काही बोलू नका.

वेळेवर जेवते, असं मामीला सांगा. आज जेवले नाही, ते सांगू नका.

आपली माया अशीच असू द्यावी.

टकळी


ता. १७ फेब्रुवारी

चि. टकळीस आशीर्वाद, वि. वि.

तुकडा पाठवलाय. पुन्हा मोजली, दोनशे बाराच. शेजारच्या फळीवर एकशे अठ्ठ्याण्णव. तिसरी मोजायला हात धजला नाही.

करवत थांबवली आहे. कारखाना इतका शांत आहे की भुसा खाली बसतानाचा आवाज येईल. तीन टेबलं उभी झाली आहेत. त्यांच्यावर चादर टाकली, तर जास्तच दिसतात.

राग आलाय, पण कुणाचा ते नक्की होत नाही. झाड तर गेलं. आता ते पुन्हा उभं राहणार नाही, तू अन् मी मिळून डोकं आपटलं तरी. टेबल झालं असतं तर निदान शंभर वर्षं कुणीतरी त्याच्यावर कोपर टेकून वाचलं असतं. लाकडाला याहून चांगलं मरण मला तरी माहीत नाही. आणि मी लिहिलं नसतं तर कुणाला कळलं असतं? मीच लिहिलं, म्हणून मीच विचारतो.

मामी म्हणते, पोरीला असलं काही लिहू नका. पण लिहून झालं.

लोभ कमी झालेला नाही, एवढं समज.

मामा


ता. २ मार्च

ती. मामांस शि. सा. नमस्कार, वि. वि.

हे पत्र जंगलातल्या चौकीतून लिहितेय. चौकीत एक खाट, एक स्टोव्ह आणि राखणदार बाई. या बाई तेवीस वर्षं हे रान राखतात, बोलतात कमी आणि चालतात फार.

आधी माझं सांगते. गेल्या वर्षी मी तपासणीला आले तेव्हा तीन दिवस धुकं होतं. लावलेलं रान मी झाड न् झाड पाहिलं. पण वरच्या खिंडीपलीकडे काय आहे ते पाहायचं राहिलं. बाई तेव्हा आजारी होत्या. तुम्हाला लाकूड देणाऱ्या वखारवाल्याने (त्याची वखार इथं पायथ्याशीच आहे) चहा दिला आणि सांगितलं की पलीकडे नुसते दगड आहेत. माझे बूट ओले होते. मी रकान्यात खूण केली आणि सही केली. बस, एवढंच झालं.

परवा खिंड चढले. धुकं याही वेळी होतं, पण बाई पुढे होत्या, आजारपणानंतर त्याही प्रथमच वर येत होत्या. पलीकडे दगड नाहीत. तिथं वणवा पोचलाच नव्हता. मामा, त्या रानात पाऊल टाकलं की आपला आवाज आपल्यापाशी परत येत नाही, शेवाळ तो पिऊन टाकतं. खोडं धुक्यातून वर जातात आणि परत येत नाहीत. मी किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. मग धुक्यात एक जागा उजळ दिसली, आणि ती उजळ का आहे ते जवळ गेल्यावर कळलं. तिथं एकोणीस बुंधे होते. ते ओंडके वखारवाल्याने खाली आणून लावलेल्या रानाच्या ओंडक्यांत मिसळले आणि सगळ्यांवर एकच शिक्का मारला.

कुणाला कळलं असतं, असं तुम्ही विचारलंत. कुणालाच नाही. म्हणून तर पुढच्या वर्षी आणखी पन्नास गेली असती, आणि त्यांच्याही खाली माझी सही असती.

कार्यालयाला सगळं लिहून दिलंय, बूट ओले होते तेही. वखारीचं प्रमाणपत्र थांबवलं आहे आणि तिच्यावर खटला होईल. माझी सही आता काही काळ चालणार नाही, असं दिसतं. तुमचं काम माझ्यामुळे बुडालं. क्षमा कशी मागायची ते सुचत नाही.

रागवा, पण पत्र बंद करू नका.

टकळी


ता. १२ मार्च

चि. टकळीस मामा-मामीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र खिशात घालून वाचनालयात गेलो आणि सगळं सांगितलं. समितीतले एक गृहस्थ म्हणाले की कागद आहे, सही आहे, टेबलं सुरेख आहेत, मग उकरून काय काढायचं. मला ते ऐकून क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? ग्रंथपाल बाईंनी मात्र मी सोबत नेलेला फळीचा दुसरा तुकडा मागून घेतला. गाभ्यापासून सालीपर्यंत बोट फिरवत गेल्या, सावकाश, आंधळा माणूस वाचतो तसं. मग म्हणाल्या, “खरं काय ते शोधायला लोक इथं येणार. त्यांना मी या टेबलाशी कसं बसवू?”

माझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या पत्रात होतं, पण ते मला तिथं पटलं.

तुमच्या कार्यालयाची माणसं येऊन फळ्या आणि तिन्ही टेबलं मोहोर लावून घेऊन गेली. जाताना मी त्यांना दोनदा सांगितलं की कोपरे सांभाळा. वाचनालय ठरल्या दिवशीच उघडणार आहे. टेबलांबरोबर यायच्या खुर्च्याही थांबल्यात, म्हणून लोकांना घरून खुर्च्या आणायला सांगितल्यात. काम बुडालेलं नाही, नुसतं लांबलंय. खऱ्या कागदाचं लाकूड मिळेल तेव्हा मीच करायचं, असं बाईंनी लिहून दिलंय.

आणि हे बघ. मी केलेली पहिली खुर्ची तुझ्या आजोबांनी बसून मोडली. ते जमिनीवरच बसून राहिले, तिथंच चहा मागवला आणि मला विचारलं की कुठला सांधा सुटला ते दाखव. मी दाखवला. एवढंच विचारलं त्यांनी, पुढं काही नाही. तू तुझा सांधा दाखवलास. आता चहा पी.

मामीच्या लोभात साखर जास्त, माझ्यात कमी. दोन्ही घे.

मामा


ता. २० जून

ती. मामांस शि. सा. नमस्कार, वि. वि.

निकाल लागला. वर्षभर तपासणी करायची नाही, सही करायची नाही. मला वाटलं होतं रडू येईल, पण झोप आली, दोन दिवस.

मग राखणदार बाईंनी कार्यालयाला कळवलं की खिंडीपलीकडचं रान आजवर कुणी मोजलेलं नाही, मोजायला माणूस द्या. तो माणूस मी. रोज सकाळी टेप आणि वही घेऊन वर जाते आणि एकेका खोडाला मिठी मारून घेर लिहिते. परवा स्वप्नातही मोजत होते. झाडं आपणहून एक एक पुढे येत होती, रांगेत, घाई न करता.

आता कामाचं. वखार आता नव्या माणसांकडे आहे. लावलेल्या रानातलं लाकूड तिथून तुम्हाला मिळेल, प्रत्येक ओंडका टोक पाहून निवडायचा, असं ठरलंय. पण टोक पाहून लाकूड ओळखणारं इथं कुणी नाही. मी कार्यालयाला सांगितलं की माझ्या मामांनी चष्मा आणि सुई घेऊन जे पकडलं, ते आमच्या कागदांना पकडता आलं नाही. त्यांनी तुम्हाला आठ दिवस बोलावलंय, वखारीतल्या लोकांना शिकवायला. याल ना? चाळीस वर्षं तुम्ही हे लाकूड कापता, पण ते झाड उभं असलेलं तुम्ही पाहिलेलं नाही, असं मामी म्हणाली होती.

माया पातळ होऊ देऊ नये.

टकळी


ता. ९ सप्टेंबर

चि. टकळीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

सुखरूप पोचलो. लाकूडही पोचलं. चव्वेचाळीस वर्षांचं पोरगंच ते, वलयं बोटाएवढी रुंद, मध्ये मध्ये गाठी, आणि रंध्याशी उलट बोलतं. सुस्कारा वगैरे काही नाही. पहिल्या टेबलाला दुप्पट दिवस लागले. पण परवा ते वाचनकक्षात ठेवलं, तर एक म्हातारे गृहस्थ घरून आणलेल्या खुर्चीसकट पुढे सरकले, कोपर टेकलं आणि वाचत राहिले. वर बघितलंही नाही. टेबल चांगलं झालंय म्हणायचं.

शेवटच्या दिवशी तू वखारीत होतीस तेव्हा राखणदार बाई मला खिंडीपलीकडे घेऊन गेल्या. त्याबद्दल तुला सांगितलं नाही, ते आता लिहितो.

पहिल्या झाडाशी गेलो आणि सवयीनं डोळ्यांनी मोजलं, चार टेबलं आणि एक बाक. तोंडून निघूनही गेलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र हसल्या. म्हणाल्या, इथं येणारा प्रत्येक जण आधी काहीतरी मोजतोच, मग थांबतो. मी थांबलो. खोडाला हात लावून उभा राहिलो. आयुष्यभर ज्याच्याशी बोललो तो माणूस इतका उंच आहे हे मला माहीतच नव्हतं, असं काहीसं वाटलं.

मग त्या एकोणीस बुंध्यांपाशी गेलो. तिथं बाईंनी करंगळीएवढं रोप दाखवलं आणि वय विचारलं. मी दोन वर्षं म्हणालो. अकरा, त्या म्हणाल्या. मोठ्या झाडांच्या सावलीत ही रोपं जवळजवळ वाढतच नाहीत, नुसती थांबतात. त्या थांबण्यातूनच ती पातळ, घट्ट वलयं येतात. पण आता वरची झाडं गेली, ऊन एकदम आलं, आणि रोप घाईला लागलंय. घाईनं वाढलेलं कच्चं राहतं, वाऱ्याला टिकत नाही. काय करता येईल, विचारलं. सावली परत यायला शंभर वर्षं लागतील, असं म्हणून बाई पुढे गेल्या.

मी तिथं बसलो. ऊन डाव्या बाजूने येत होतं. मग जरा सरकून बसलो, माझी सावली त्याच्यावर पडेल असा. ऊन फिरलं तसा मीही फिरत गेलो.

म्हणून त्या दिवशी खाली यायला संध्याकाळ झाली. तू रागावलीस आणि मी गुडघा दुखत होता असं सांगितलं. गुडघा ठीक होता.

लोभ वाढू दे, पण सावकाश.

तुझा मामा