दोन टोलांवर चालणाऱ्या कुत्रीस प्रवासी गाडीतून नेण्याबाबत

प्रति,
मा. आगार व्यवस्थापक,
प्रवासी वाहतूक आगार.

विषय : आमच्या ठमी नावाच्या कुत्रीस माझ्यासोबत एका फेरीस परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : चौकशी खिडकीवरील तोंडी उत्तर, ‘कुत्रं प्रवासी नाही, सामानही नाही. पुढे कोण?’

महोदय,

१. ‘चला, पुढे सरका, दारात गर्दी नको!’ हा आवाज आपल्याकडील जुन्या माणसांच्या कानात अजून असेल. तो माझ्या वडिलांचा. ते आपल्याच आगारात वाहक होते. निवृत्तीनंतर त्या आवाजाला काम उरले नाही, तेव्हा त्यांनी ठमीला शिकवायला घेतले. दाराच्या चौकटीला घंटी टांगली. दोन टोल पडले की ठमीने चालायचे, एक पडला की जागच्या जागी बसायचे. रस्ता ओलांडण्याआधी वडील तोंडानेच ‘टण्’ म्हणत. गल्ली हसायची, पण ठमी कधी कुणाच्या अंगावर गेली नाही, की चाकाखाली आली नाही.

२. वडील सध्या दूरच्या शहरात रुग्णालयात आहेत. ठमीला तिथवर न्यायचे आहे. कुत्र्यांना तिथल्या बागेपर्यंत येऊ देतात, हे मी विचारून घेतले आहे. लसीकरणाचा दाखला सोबत जोडला आहे. मी शिंपीण, मऊ कापडाचे मुसके स्वतः शिवले. आखूड दोरी, पाण्याचे भांडे, खाली अंथरायला सतरंजी, घाण उचलायला पिशव्या, सगळे तयार आहे. निघण्याआधी तिला पोटभर खाऊ घालणार नाही, शी-शू करवूनच आणीन.

३. मागल्या आठवड्यात आम्ही गाडीत चढलोही होतो. वाहकांनी एक टोल दिला आणि ठमी मधल्या वाटेत बसली. उतरणारे अडकले. एक आजोबा म्हणाले, ‘अहो, हिचा थांबा आला वाटतं!’ दोन टोल पडताच ती उठली आणि थेट चालकापाशी चालत गेली. वाहक चिडले, ‘बाई, या गाडीवर वाहक मी आहे की ही?’ पुढच्याच थांब्यावर आम्हाला उतरवण्यात आले. महोदय, तिने आपला नियम मोडला नाही. पाळला.

४. तिला सामानाच्या कप्प्यात घाला, असे सुचवले गेले. तिथे वारा नाही. गुंगीचे औषध द्या म्हणाले; जनावरांचे डॉक्टर नको म्हणाले. मी कानटोपी शिवली, आत कापूस भरला. टोल तिला तरीही कळतो. तरी विनंती, की कमी गर्दीच्या गाडीत मागल्या बाकाखाली तिला जागा द्यावी. मी तिचे पूर्ण तिकीट काढीन. त्या फेरीत वाहकांनी घंटीऐवजी पत्र्यावर थाप मारावी. तेही जमत नसल्यास गाडी मध्ये कुठे थांबवूच नये. मागणे अति होते आहे, कळते मला. पण चैन नाही. सुई हातात, दोरा हातात, कान मात्र दाराकडे. उलट्या बाजूने शिवलेल्या बाह्या गिऱ्हाइकांनी परत आणल्या.

५. खिडकीवर कारण विचारले, तेव्हा मी ‘घरगुती’ म्हणाले. मागे रांग होती. आता लिहिते. वडिलांची वाचा गेली आहे. पडल्या पडल्या ते हात वर करतात आणि हवेतली दोरी ओढतात. दोनदा. मग दाराकडे बघतात. परिचारिकेला वाटते, पाणी हवे. भावाला वाटते, पंखा लावायला सांगतात. डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितले, आता त्यांना घरी नेण्याची आशा धरू नका. हे मी भावालाही सांगितलेले नाही, आपल्याला पहिल्यांदा सांगते आहे. वडील निघाले आहेत, महोदय. टोल देऊन झाले. ठमी अजून आली नाही, म्हणून थांबले आहेत.

आपली नम्र,
त्या वाहकांची मुलगी