उत्तराआधीची जागा

सोमवार, ३ मार्च
नोकरीचा पहिला दिवस, आणि काम अगदी माझ्यासाठीच! माणसं घरात सहज कशी बोलतात, याचा इथे अभ्यास चालतो. घरोघरी रेकॉर्डर ठेवलेत. आपण ऐकायचं आणि जसंच्या तसं उतरवायचं: 'अगं', 'हं', 'काय माहितेय का', सगळं. दोघांच्या बोलण्यामधली शांतताही मोजायची. आमच्या प्रमुखबाई म्हणाल्या, माणसं पाव सेकंदही थांबत नाहीत. समोरच्याचं संपायच्या आत उत्तर तयार असतं. ताईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, तू तर तेवढीही थांबत नाहीस.

शुक्रवार, ७ मार्च
मला एका शिंप्याचं घर मिळालंय. तो, त्याची बायको आणि तिचे म्हातारे सासरे. शिंपी घोरतो की नाही, यावर अर्धा तास वाद! आता घरचीच वाटतात. एक मात्र खटकतं. बायको विचारते, "चहा टाकू का?" तीन सेकंद कोणीच बोलत नाही. मग तिघंही एकदम हसतात.

बुधवार, १२ मार्च
शांततेच्या तीन सेकंदांचे सहा झाले, सहाचे अकरा. सासरे त्या शांततेला म्हणतात, "तुमचंही बरोबर आहे हो." यंत्र तपासलं, ठणठणीत आहे. बाईंना ऐकवलं. मान वर न करता त्या म्हणाल्या, शांतता किती ते लिहा, आत काय आहे ते शोधू नका. माझ्या आधीच्या मुलीने शोधलं होतं म्हणे. तिचं काय झालं, विचारलं. म्हणाल्या, तिचं बोलणं बंद झालं.

सोमवार, १७ मार्च
शिंप्याच्या घरचं शेवटचं रेकॉर्डिंग. चाळीस मिनिटं शांतता, मधेमधे घरच्यांचं नुसतं "हं... हो ना..." मी आवाज पूर्ण वाढवून ऐकत बसले. शोधू नका म्हटलं होतं, तरी. अचानक बायको म्हणाली, "कोण ऐकतंय? अच्छा." आणि तिने माझं नाव घेतलं.

गुरुवार, २० मार्च
ताईला फोन लावला. कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून गप्प होते. ती खळखळून हसली. म्हणाली, आज किती छान बोलतेस गं.

शनिवार, २२ मार्च
ताई फोनवर तासभर बोलत होती. माझ्याशी नाही. मी ओरडले — ताई, ती मी नव्हे! दोन सेकंद गेले. मग म्हणाली, लाइनमध्ये कोणीतरी किंचाळतंय बघ. आणि — "बरं, ये मग उद्या जेवायलाच."

रविवार, दुपार
ताईच्या दाराबाहेर. खिडकीतून दिसतंय — दोन ताटं, समोरची खुर्ची रिकामी. ताई वाढतेय. काच बडवली. तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीला विचारलं, "बाहेर ही कोण गं?"

ऐकत राहिली. चेहरा उतरला.

"अय्या, खरंच? मग नको उघडायला."

पडदा ओढला. हाका मारतेय — माझा आवाज मलाच — पायरीवर बसून लिहितेय, निदान हे तरी — शेजारीण जिना चढून आली. तिला विचारलं, मी ऐकू येतेय का — ती थांबली — पायरीवर माझ्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, हो का, बरं, मी धरते हिला, तुम्ही —