ग्रंथपालांमार्फत ब्रेक

ती. बाबांना,

तुमच्या एकुलत्या एक जावयाचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? आईंचं आणि नव्या चष्म्याचं जमलं का? इकडे आम्ही दोघंही धडधाकट आहोत, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव वरखाली होणार नाही. गॅरेज बंद करताना तुम्ही मोठ्या मनाने मला दिलेली मोटरसायकलही धडधाकट आहे. (ही आजची परिस्थिती. गेल्या आठवड्यातली वेगळी होती.)

झालं असं, की पुढचा ब्रेक बरेच दिवस मऊ लागत होता. लिव्हर दाबलं की काही कुरकुर न करता थेट मुठीला जाऊन टेकायचं. तुमच्या कन्येने दोनदा सांगितलं, की ब्रेकच्या नळीत हवा शिरलीय. मी म्हणालो, हवा टायरमध्ये असते. (हे वाक्य तुमच्या कानावर येणारच, म्हणून मीच कबूल करतो.) मग दवाखान्याच्या उतारावर त्या ब्रेकने हात टेकले. समोर कुणाच्या तरी बांधकामाच्या वाळूचा ढीग. गाडीला मागचाही ब्रेक असतो हे मला ठाऊक आहे, पण त्या क्षणी ठाऊक नव्हतं. मी मागे ओरडलो, "पाय खाली टाक!" बिचारीने टाकले. गाडी वाळूत अगदी अलगद थांबली, तिच्या नव्या चपलेचा अंगठा मात्र वीस पावलं मागेच राहिला. ती उतरली, चप्पल हातात घेऊन घरी चालत गेली आणि तेव्हापासून अबोला. दुसऱ्या दिवशी तिची निळी बॅग भरून दाराशी उभी राहिली आणि फ्रिजवर पंचवीस तारखेच्या बसचं तिकीट लागलं. तिकीट एकाचंच, आणि तेही फक्त तुमच्याकडे येण्याचं. बाबा, खरं सांगतो, परतीचं कुठे लिहिलंय का म्हणून मी ते तीनदा उलटून पाहिलं. मी ठरवलं, ब्रेक मीच दुरुस्त करायचा, घरीच, तिच्या डोळ्यांसमोर.

या कामाला दोन माणसं लागतात, हे मी तुम्हाला काय सांगणार! एकाने लिव्हर दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली चाकाजवळचा स्क्रू जरा सैल करायचा, तेल आणि बुडबुडे बाहेर आले की लगेच आवळायचा, आणि मगच पहिल्याने लिव्हर सोडायचं. त्याआधी सोडलं तर बाहेरची हवा पुन्हा आत. म्हणजे पावलोपावली बोलणं आलं. तुमची कन्या खाली आली, कारण गॅरेजवाल्याच्या मुलीला तसला ब्रेक बघवत नाही, पण बोलायचं नाही ही अट कायम. शेवटी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त ग्रंथपालांना विनंती करून मध्ये खुर्ची टाकून बसवलं. माणूस देवासारखा, पण सगळी नोकरी वाचनालयात गेल्यामुळे आवाज कुजबुजीच्या वर चढत नाही. मी चाकापाशी आडवा पडून म्हणायचो, "दाब." ते चष्मा सारखा करून तिच्याकडे वळायचे, "ते म्हणताहेत, आपण दाबावं." ती दाबायची आणि त्यांना सांगायची, "दाबलं म्हणावं." ते निरोप घेऊन माझ्याकडे वाकेपर्यंत तिचा हात दुखून सुटलेला असायचा, आणि मी स्क्रू उघडायचो तो नेमका तेव्हाच. दोन तासांत आम्ही जितकी हवा काढली त्याहून जास्त आत भरली. ग्रंथपालांनी मध्येच एकदा आम्हा दोघांना शांतता राखायला सांगितलं, ते सवयीने असावं.

नवव्या की दहाव्या खेपेला ते "त्या म्हणताहेत की" एवढ्यावर आले असतील, तोच वरून आवाज आला, "अहो, आवळा तो आधी! माझ्याशी बोला आणि आवळा!" सात दिवसांनी आलेला पहिला शब्द. मी इतका दचकलो की खरोखरच आवळला. मग ती "दाबलं" म्हणाली की मी उघडायचो, मी "आवळलं" म्हणालो की ती सोडायची. पंधरा मिनिटांत बुडबुडे संपले आणि लिव्हर दगडासारखं घट्ट झालं. ग्रंथपाल "आता माझी गरज नसावी" असं पुटपुटून खुर्ची घेऊन वर गेले, आणि आम्ही दोघं जमिनीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मला फार बरं वाटलं, बाबा.

आईंना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
जावई

ता. क. हसण्याच्या भरात तेलाची बाटली टाकीवर कलंडली. ब्रेक ऑइलने रंग उडतो, हे तुम्ही मला पूर्वी सांगितलं होतं असं आता आठवतं. लाल टाकीवर तुम्ही हाताने ओढलेली पांढरी रेघ होती ना? ती जरा कमी झाली आहे. म्हणजे सगळीच.

आणखी एक ता. क. पत्र खरं तर याचसाठी लिहिलं. ब्रेक झाला, बोलणं झालं, पण बॅग अजून दाराशीच आहे. विचारायचा धीर होत नाही. ती आलीच, तर चार दिवस लाड करा आणि पाचव्या दिवशी माझ्या बाजूने एखादा शब्द टाका. टाकीचं कळल्यावर तुमच्याकडे तसा शब्द शिल्लक असेल तर.

बाबा, हे पत्र यांनी मलाच टाकायला दिलं, तेही पाकीट न चिकटवता. वाळूचा ढीग आला तेव्हा यांनी मागचा ब्रेक सोडून हॉर्न दाबला होता, ते लिहायचं राहिलेलं दिसतंय. बसचं तिकीट मी काल संध्याकाळीच रद्द केलं. बॅगेत कालपासून यांचे दोन शर्टही आहेत, पण उघडून बघतील तर ना! पंचवीसला आम्ही दोघं मोटरसायकलवरूनच येतोय. लाल आणि पांढऱ्या रंगाचे डबे काढून ठेवा. गाडी मी चालवणार, हे मागे बसतील. वाटेत उतार बरेच आहेत, म्हणून यांना जुन्या चपला घालायला सांगितल्या आहेत.