राणीच्या पदाची शेवटची ओळ

बाबा, गेल्या महिन्यात आपल्या कापसाच्या खोलीत नाटक झालं. त्यात तुम्ही चाल लावलेलं राणीचं पद होतं आणि ते एका बाईनं म्हटलं. तुम्हाला हे आवडलं असतं की नाही, याचा मला अजून अंदाज येत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की कामरगावच्या नाटकात तुम्हाला राणीच्या लुगड्यात पाहिलेली माणसं आता एका ओट्यावर मावतात.

अमरावतीहून एक लहानशी मंडळी आली होती. चार-पाच जण, एक पेटी, एक तबला. संगीत नाटक करतात, पण थिएटरात नाही. शाळेची खोली, देवळाचा मंडप, कुणाची पडवी, जिथं पन्नासेक माणसं बसतील तिथं करतात. माईक लावत नाहीत. तिकीट इतकं कमी की मला तिथंच शंका आली. आपल्याकडं स्वस्तात करमणूक करायला येतात ते शेवटी पिशवीतून काहीतरी काढतातच. मागं जादूचे खेळ झाले, ते गुडघेदुखीच्या तेलावर येऊन थांबले. शेजारीण म्हणाली, "गाद्या इकतीन पाय, नाही तं मत मांगतीन." त्यांनी आपली खोली मागितली. कापूस विकून ती रिकामी झाली होती, तरी मी आत माल आहे म्हणून सांगितलं आणि कुलूप तसंच ठेवलं.

मंडळी चालवणारी मुलगी दुसऱ्यांदा आली तेव्हा सरळ ओट्यावर बसली. आम्ही जाऊ त्या गावातलं एखादं जुनं पद नाटकात घालतो, म्हणाली. "इथं तुमच्या वडिलांच्या पदाचं नाव निघालं. काकू, चाल फक्त तुम्हालाच येते म्हणतात."

"कोन म्हनते?"

"सगळेच."

"मंग सगळ्याइलेच इचारा."

ती हसली, पण उठली नाही.

चाल मला येते हे खरं. पण ती तुम्ही दिलेली नाही, हे तिला कशाला सांगू? तुमची तालीम बाहेर चाललेली असायची आणि मी चुलीपाशी. अजून दिसतं. आई भाकरी शेकते आहे, मी परातीत पीठ मळते आहे, आणि मळता मळता राणीचं पद माझ्या तोंडात येतं. बाहेरची पेटी थांबते. तुम्ही दारात उभे. "हे कायले म्हनून राह्यली? हे पोरीबाईचं काम नोहे." आईनं भाकरी उलटली, बस. पद राणीचं, राणी बाई, ते म्हणायला लुगडं नेसायचे तुम्ही, आणि पोरीनं म्हणायचं नाही. त्या दिवसापासून मी तुमच्याकडं जरा डोळे बारीक करूनच पाहत आले. कारण तुम्ही सांगितलं नाहीत. तुम्हाला लाज वाटत होती, की चाल घराबाहेर जाईल अशी भीती होती, की माझा आवाज तुमच्यापेक्षा बरा लागला होता? तिन्ही कारणं मी मनात उलटून पाहिलीत.

मुलीला मी नाहीच म्हणणार होते. पण हे गेल्यापासून माझ्याकडं काही आहे का, असं कुणी विचारलं नव्हतं. गोळी घेतली का, एवढंच विचारतात. हे होते तोवर कारंज्याच्या रद्दीतून माझ्यासाठी पुस्तकं आणायचे, आणि वाचलेलं मी जेवताना सांगितलं की हात वाळेपर्यंत ऐकत बसायचे. ती मुलगी तशीच बसली होती, ऐकायला.

मग मी आईसारखं केलं. आईचा काळा मसाला साऱ्या आळीत नावाजलेला. मागायला आलेल्या बाईला ती सगळं सांगायची, कोणतं किती भाजायचं तेही सांगायची, आणि एक जिन्नस ठेवून घ्यायची. साऱ्याच बाया तसं करत. देणारीला माहीत, घेणारीलाही माहीत, कुणी रागावत नसे. "सारं देल्लं तं आपल्या घरची चव कोनती राह्यली?" आई म्हणायची. मी मुलीला पद म्हणून दाखवलं, तिनं फोनमध्ये घेतलं. शेवटच्या ओळीला तुम्ही एका दमात वरच्या सुरात चढायचात. मी ती ओळ सरळ खाली उतरवली. "शेवट असाच?" तिनं विचारलं. "असाच," मी म्हटलं. आणि खोलीची किल्ली दिली.

नाटकाच्या दिवशी उन्हं उतरल्यावर माणसं आली. पुढची सतरंजी नेहमीसारखी पुढाऱ्यांसाठी मोकळी सोडून सगळे मागं भिंतीला टेकले. पुढारी कुणी आलाच नाही. तेव्हा पद म्हणणारी बाई गात गात सतरंजी ओलांडून आमच्या गुडघ्यांपाशी येऊन बसली. माझं लक्ष मात्र कोपऱ्यातल्या त्यांच्या पेटाऱ्याकडं होतं, आता तेल निघेल, मग मतांचा कागद निघेल. शेवटची ओळ आली, मी दिली तशीच, खाली उतरत. तुमच्या नाटकमंडळीतला ढोलकीवाला तेवढा एक उरला आहे. तो शेजारून म्हणाला, "बराबर. असाच उतरे तो."

पेटाऱ्यातून काही निघालं नाही. त्यांनी खोली झाडली, सतरंज्या घडी घालून दिल्या आणि जीपमध्ये बसून गेले.

आता मला झोप नाही. म्हातारा विसरला असेल, किंवा माझं मन राखायला बोलला असेल. नाहीतर तुम्ही खरंच खाली उतरत होता, आणि ते वर चढणं चुलीपाशी बसलेल्या पोरीनं आपल्याच मनानं लावून घेतलं होतं. मग मी ठेवून घेतला तो जिन्नस कुणाचा? भांडी घासताना दोन्ही म्हणून पाहते. वरची ओळ आता अर्ध्यात सुटते, खालची आपोआप येते. मुलीला फोन करून खरं सांगावं असं रोज मनात येतं. पण खरं कोणतं म्हणून सांगू?

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून एवढं लिहिते. ती ओळ खाली उतरली तेव्हा त्या खोलीत मला रडू आलं, बाबा. तुमच्या गाण्याला मला कधीच आलं नव्हतं.