चारही अवयव एकत्र पाहावेत

मी, एमिलिया, स्वर्गवासी डॉ. पॉल डिमेलो यांची विधवा, वय बावन्न, राहणार ठाणे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. पाय सुजले होते, ते आता उतरले आहेत. डोके कधीच बिघडले नव्हते.

१. मी मेल्यावर पुरण्याआधी सरकारी सर्जनकडून माझे शरीर उघडून घ्यावे. हृदय, फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंडे एकत्र पाहावीत. एकट्या हृदयावर निकाल देऊ नये. मठातल्या सिस्टरांनी मला इंग्रजी शिकवले, म्हणून पॉल यांचे वैद्यकाचे धडे मी वह्यांत उतरवून देत असे. ते म्हणत, "एमिली, मूत्रपिंड रुसलं की पाणी साठतं, हृदयाला ओढवत नाही, मग फुप्फुसात चढतं. एका सुनेनं चूल सोडली की बाकीच्यांची कंबर मोडते, तसंच."

२. दोन वर्षांपूर्वी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात पॉल यांचे पाय सुजले, लघवी कमी झाली, मग दम लागला. पुतण्या इनास डॉक्टर आहे. तो म्हणाला, "काका हृदयाने गेले." औषध त्याचेच होते, घरावर डोळाही त्याचाच. यंदा माझे पाय सुजल्यावर त्याने तशीच काळी बाटली आणली. मी ती रोज केळीच्या मुळाशी ओतली. मोलकरीण गोदा म्हणे, "बाय, तू पीत नाहीस, पण केळ बघ कशी माजलीय!" पाय मात्र सुजतच राहिले. उरलेले औषध लाखबंद करून शिक्षक त्र्यंबकराव लेले यांच्याकडे ठेवले आहे. ते सर्जनला द्यावे.

३. ईस्टर झाला, उपासात मांस वर्ज्य म्हणून रोज ताटात येणारा खारा सुका मासा बंद झाला आणि आठ दिवसांत पाय उतरले. इनास म्हणाला, "बघा काकी, माझं औषध लागू पडलं की नाही!" पॉल आजारी असताना उपास मोडू नये म्हणून तोच मासा मी त्यांना दोन्ही वेळा माझ्या हाताने भरवला होता. नको म्हणाले तरी भरवला.

४. शरीरात किंवा त्या औषधात विष सापडल्यास घर चर्चच्या अनाथालयास द्यावे. न सापडल्यास ते इनासचे. पॉल यांच्या वह्या मात्र काहीही झाले तरी इनासलाच. खाऱ्या माशाने अंगात पाणी साठते, हे शेवटच्या पानावर मी लिहिले आहे. सुजलेल्या रोग्यांना त्याने ते सांगावे.

५. शरीर उघडताना इनास खोलीत नसावा, असे आधी लिहिले होते. ते मी खोडले आहे. त्याने जवळ उभे राहावे. वही वाचल्यावर काकांचे काय झाले ते त्याला कळेल. कळल्यावर त्याने ते मोठ्याने बोलू नये.

ठाणे, ६ मे १८८९
सही: एमिलिया डिमेलो

आमच्यादेखत सही केली, म्हणून साक्ष:
त्र्यंबक गोविंद लेले, शिक्षक, टेंभी नाका
अँजेला सोज, शेजारीण