मायच्या खोलीला वकील पाहिजे

४ फेब्रु., मंगळ. पूर्णा
दोन महिन्यांनी घरी आलो. माय शेजारच्या शांताकाकूच्या ओट्यावर बसलेली. आमच्या खोलीला मालकाचं नवं कुलूप. माय तीन दिवस पेडगावला मावशीकडं गेली होती. नळ आठ दिवसाला येतो, म्हणून दरवेळेसारखी चावी मालकाकडं दिली, रांजण भरून ठेवा म्हणून. आता तो म्हणतो, चावी दिली म्हणजे खोली सोडली. सगळं सामान आत. अकरा वर्षं राहिलो तिथं. माय एकच घोकायली, "मीच दिली की रं चावी."

६, गुरु.
स्टेशनजवळचा वकील. मालकाचं नाव ऐकून चहा मागवला. "आपलेच माणूस हायेत. सामान देतील. मायची एक सही लागंल." कागदावर 'राजीखुशीनं खोली सोडली'. उठून आलो. दहावी नापास, पण वाचता येतं.

११, मंगळ.
परभणीला दुसरा वकील बघायचा होता. फलाटावर जुना दोस्त भेटला, चुडाव्याला क्रिकेटचे सामने हायेत म्हणला. उलट्या गाडीत बसलो. संध्याकाळी आलो तर मायनं काकूच्या चुलीवरची भाकर पुढं ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं...

१९, बुध.
परभणी. कोर्ट बंद. आज शिवजयंती, हे मिरवणूक दिसल्यावर ध्यानात आलं.

२०, गुरु.
परत परभणी. वकील बाई भेटल्या. त्यांनी आधी इचारलं, "याआधी आईनं चावी दिली होती?"
"गावाला गेली की दरवेळी."
"परत मिळायची?"
"दरवेळी."
लिहून घेतलं. म्हणल्या, कोर्टाचा हुकूम नसताना असं काढता येत न्हाई. सहा महिन्यांच्या आत दावा लावायचा. सही कुठंच करायची न्हाई. चावी देताना ऐकलेलं माणूस सोमवारी घेऊन ये.
हीच वकील पाहिजे.

२१, शुक्र.
ऐकलेलं माणूस एकच, शांताकाकू. ती बी त्याच मालकाची भाडेकरू. मेथी निवडत म्हणली, "ऐकलं की. रांजण भरा म्हणली तुझी माय. कोर्टात बी सांगंन." मग हात थांबला. "अन् उद्या माझ्या दाराला कुलूप लावलं तर?"
माय म्हणली, "नको रं तिला गुतवू."
"तू गप. मी न्हाई म्हणले का?"
मी म्हणलो, बाईला इचारतो.
"इचार. लेकरं हायेत माझे."

२३, रवि.
बाईंचा फोन लागंना. काकू संगं येते का न्हाई, अजून ठरंना. उद्या सकाळची गाडी. तिकिटं दोन काढू का एकच...